गिटार, मनगट आणि उस्ताद



या मंचासाठी मला फोन आला, तेव्हा पलीकडच्या मुलीची समजूत अशी होती की मी सीमेवरचे किस्से सांगेन. मी म्हटलं, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे पुष्कळ आहेत, मला गिटारवर बोलायचं आहे. फोनवर जरा वेळ शांतता पसरली. मग तिने विचारलं, "सर, तुम्ही वाजवता?" मी म्हटलं, "मध्यम."

तेच आज तुम्हालाही आधी सांगून टाकतो. मी वादक नाही. सहासष्ट वर्षांचा निवृत्त कर्नल आहे. एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा गिटार हातात घेतली आणि आज मध्यम प्रतीची वाजवतो. पण एका प्रश्नावर माझ्याकडे दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. गिटारसाठी क्लास लावावा, की मोबाइलवर बघून स्वतःच शिकावं? माझ्या बॅचमधल्या मित्रांचे याच प्रश्नासाठी फोन येतात. नोकरी संपलेली, मुलं परगावी किंवा परदेशी, दुपार लांबच लांब. त्यांना माझ्याकडून एवढंच ऐकायचं असतं, की "क्लास कशाला, सगळं फुकट आहे मोबाइलवर." मीही एकेकाळी हेच सांगायचो.

आम्ही बडोद्याला राहतो. माझी बायको मूळची तिथली, दांडिया बाजारातली. तिथल्या जुन्या मराठी घरांत जसं असतं तसं तिच्या घरी गाणं होतं, आणि ती स्वतः गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद आहे. लग्नानंतर दर दोन-तीन वर्षांनी बदली. तानपुऱ्याला ट्रंकेत जागा नसायची, तरी ती गात राहिली. मी ऐकत राहिलो, म्हणजे ऐकल्यासारखं करत राहिलो. फौजेत असंच होतं.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मी माळा आवरायला काढला आणि मुलाची गिटार सापडली. अकरावीत असताना त्याने हट्टाने घ्यायला लावली होती, आणि बारावीच्या अभ्यासाने तिला माळ्यावर पाठवलं होतं. तारा गंजलेल्या, खुंट्या जाम. मी तिला पुसली, तेल दिलं, मोबाइलवर सूर जुळवायचं ॲप घेतलं आणि बसलो.

स्वतः शिकण्याच्या विरोधात मी काही बोलणार आहे, पण त्या चौदा महिन्यांनी मला पुष्कळ दिलं, हे कबूल केलं पाहिजे. मोबाइलवर जे आहे ते खरंच थक्क करणारं आहे. जस्टिन सँडरको नावाचा एक ऑस्ट्रेलियन शिक्षक २००३ पासून गिटारचे धडे इंटरनेटवर मोफत देतो आहे, पहिल्या बोटापासून. व्हिडिओचा वेग निम्मा करता येतो. एकच जागा पन्नास वेळा पाहता येते, कोणी कंटाळत नाही. रात्री साडेअकराला शिकावंसं वाटलं तरी वर्ग भरलेला. मी जी, सी, डी, ई मायनर, ए मायनर या कॉर्ड शिकलो. बोटांना घट्टे पडले. वीसेक गाण्यांची पहिली कडवी वाजवू लागलो. दुसरं कडवं का नाही, ते विचारू नका. पहिलं जमलं की मी पुढचं गाणं घ्यायचो. मोबाइल काही म्हणत नाही ना.

मग एका संध्याकाळी मी हिला म्हटलं, "चल, तू गा, मी वाजवतो." तिला आवडतं एक जुनं भावगीत काढलं. चार ओळींनंतर ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तिने मांडीवरचा हात उचलला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही अवघड जागी थांबता आणि सोप्या जागी पळता. मी पाय कुठे ठेवू?"

मला राग आला. चौदा महिने रोज बसत होतो, एकदाही मला असं काही ऐकू आलं नव्हतं. मी मोबाइलवर माझंच वाजवणं रेकॉर्ड केलं आणि ऐकलं. कॉर्ड बदलायच्या प्रत्येक जागी एक खड्डा होता. सी वरून जी वर जाताना इतका मोठा, की त्यात एखाद्याने शिंकून घ्यावं. वाजवताना तो मला कळत नव्हता, कारण माझं सगळं लक्ष बोटांवर होतं. मी थांबलो की माझ्यासाठी गाणंही थांबायचं. मग खड्डा दिसणार कुठून?

त्या संध्याकाळनंतर मी जास्त जोर लावला. फौजी माणसाचा हाच उपाय असतो. पाऊण तासाचे दोन तास केले. दीड-दोन महिन्यांत पहाटे तीनला जाग येऊ लागली. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. हात झटकला की मुंग्या येऊन परत जिवंत व्हायची. मग दिवसाही. चहाचा कप धरताना, स्कूटर चालवताना. मी कोणाला सांगितलं नाही. पुढे एकदा हातातली काचेची बरणी सुटली, तेव्हा हिने मला डॉक्टरांकडे नेलं.

हाडांच्या डॉक्टरांनी मनगट वाकवून पाहिलं, ठोकून पाहिलं आणि सांगितलं, मनगटातली नस दबते आहे. रात्री पट्टा बांधा, सहा आठवडे गिटार बंद. मग म्हणाले, "कशी धरता ते दाखवा." टेबलावरचं वर्तमानपत्र गुंडाळून मी धरून दाखवलं. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि विचारलं, "असं धरायला कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही," मी म्हणालो.

"तेच दिसतंय," ते म्हणाले, आणि पुढे असंही म्हणाले की हेच चालू ठेवलं तर पुढची गोष्ट ऑपरेशनची आहे.

त्या सहा आठवड्यांत मला कळलं की मी काय घालवायला निघालो होतो. गिटार गेली तर गेली, तिच्यावर माझं पोट नाही. पण एक्केचाळीस वर्षांच्या संसारात संध्याकाळी आम्ही दोघं मिळून करतो असं पहिलंच काहीतरी सुरू होऊ पाहत होतं. मी बदल्यांवर, ती मुलाची शाळा सांभाळत, असं आयुष्य गेलेलं. आता दोघं एका घरात आहोत, तर माझा हात पट्ट्यात.

आता जरा मागे नेतो.

मी आसाम रेजिमेंटमध्ये होतो. आमचं सेंटर शिलाँगच्या हॅपी व्हॅलीत आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी बदलूरामचं गाणं मोबाइलवर पाहिलं असेल, ते आमच्याच रेजिमेंटचं. आमचे जवान ईशान्येचे, आणि त्यांच्यात गिटार म्हणजे आपल्याकडे घरात पाट असावा तशी. एका उंच चौकीवर आमच्या एका मिझो जवानाकडे गिटार होती, पाचच तारांची, सहावी तुटलेली आणि खाली जाऊन आणायला वाट बर्फाने बंद. त्या पाच तारांवर तो असा वाजवायचा की बंकरमधला प्रत्येक माणूस आपापल्या घरी जाऊन यायचा. मी त्याला विचारलं, "किसने सिखाया?" तो हसून म्हणाला, "साब, खुद सीखा."

लॉकडाउनमध्ये गिटार पुसताना माझ्या डोक्यात तोच जवान होता. तो शिकला, मी का नाही?

पट्टा बांधून बसलो असताना मात्र त्याने पुढे जे सांगितलं होतं तेही आठवलं. गप्पांच्या ओघात, वेगवेगळ्या रात्री, तुकड्यातुकड्याने. गावच्या चर्चमध्ये दर रविवारी गाणं असायचं आणि तो लहानपणापासून त्यात. तीन मोठे भाऊ, तिघंही वाजवणारे. चुलतभाऊ समोर बसायचा, आणि याने कॉर्ड उशिरा बदलली की गुडघ्यावर चापट मारायचा. हात चुकीचा धरला की भाऊ न बोलता सरळ करून द्यायचा. या सगळ्याला तो म्हणत होता "खुद सीखा". त्याच्या भाषेत त्याचा अर्थ इतकाच होता, की कोणी पैसे घेतले नाहीत.

मला वाटतं, या वादातला घोटाळा इथेच आहे. जगातले मोठे गिटारवाले स्वतः शिकले, असं आपल्याला सांगतात. जिमी हेंड्रिक्सचं नाव पहिलं येतं. गडी फौजी होता बरं का. अमेरिकेच्या १०१ एअरबोर्न डिव्हिजनमध्ये १९६१ ला भरती झाला आणि १९६२ ला बाहेर पडला. फौजी म्हणून आमच्या कामाचा नव्हता. त्याने क्लास लावला नाही, हे खरं. पण छावणीत त्याला बिली कॉक्स हा बेस वाजवणारा जोडीदार भेटला, आणि पुढची काही वर्षं तो दुसऱ्यांच्या बँडमध्ये मागे उभा राहून रोज रात्री वाजवत होता. अशा ठिकाणी लय सुटली तर ड्रमवाला लगेच वळून बघतो. मी फ्लॅटच्या मागच्या खोलीत, दार लावून, कानात इअरफोन घालून बसलो होतो. हेंड्रिक्सचं नाव घ्यायचा मला काय अधिकार?

उलट उदाहरण आपल्याकडचं. ब्रिजभूषण काब्रांनी हवाईयन गिटारवर हिंदुस्थानी राग वाजवायचं ठरवलं, तेव्हा त्या वाद्यावर शास्त्रीय संगीताची परंपराच नव्हती. म्हणजे "मी माझंच शोधून काढतो" म्हणायला याहून चांगली सबब नाही. ते उस्ताद अली अकबर खाँसाहेबांकडे गेले, सरोदवाल्याकडे. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे, आणि गिटार काब्रांची. वाद्य वेगळं असलं तरी त्यांना ऐकणारा कान हवा होता.

आता हा "उस्ताद" शब्द. मैफिलीत तो मोठ्या आदराने घेतात. फौजेत तो रोजचा आहे. ड्रिल शिकवणारा, हत्यार शिकवणारा, जो कोणी शिकवतो तो उस्ताद, मग तो नुकताच नायक झालेला पोरगा का असेना. १९८० साली डेहराडूनला अकादमीत असताना माझ्या गोळ्या लक्ष्याच्या खाली जात. सगळ्या एका जागी, पण खाली. मी म्हणायचो, रायफलीत दोष आहे. उस्ताद माझ्या शेजारी पालथा पडला. तो लक्ष्याकडे बघतच नव्हता, माझ्या बोटाकडे बघत होता. मग त्याने माझ्या नकळत मॅगझिनमध्ये एक पोकळ काडतूस घातलं. मी नेम धरला, घोडा दाबला, नुसता खटका वाजला, आणि मला माझ्या डोळ्यांनी दिसलं की नळी झटकन खाली गेली. गोळी सुटताना धक्का आणि आवाज यांत ती झटक झाकली जायची. स्वतःची चूक त्या आधी मला दिसणं शक्यच नव्हतं. उस्ताद एवढंच म्हणाला, "देखा, साब?"

हे सगळं मला ठाऊक असून एकसष्टाव्या वर्षी मी उस्तादाशिवाय का बसलो? लॉकडाउन हे एक कारण, पण ते काही महिन्यांपुरतं. खरं कारण सांगायला थोडा संकोच वाटतो. पलटणीचा कमांडिंग ऑफिसर झाल्यावर तुमची चूक तुमच्या तोंडावर सांगणारं कोणी उरत नाही. पुढे कंपनीत सल्लागार होतो, तिथेही तेच. मोबाइल मला कधी चुकलास म्हणाला नाही, आणि मला ते सोयीचं होतं. मी त्याला स्वावलंबन म्हणत होतो.

पट्टा सुटल्यावर मी क्लास शोधला. पहिला क्लास फसला, तेही सांगतो, कारण क्लास म्हटला की झालं असं नाही. चकचकीत जागा, तीन महिन्यांची फी आगाऊ, एका खोलीत आठ मुलं आणि मी. शिक्षक मोबाइलवर. फळ्यावर आकडे लिहिलेले, या तारेवर तिसरा पडदा, त्या तारेवर दुसरा, आणि दिवाळीच्या कार्यक्रमासाठी तीन गाणी बसवायची. महिनाभरात एकदाही कोणी माझ्या हाताकडे पाहिलं नाही. व्हिडिओत निदान शिक्षक तरी चांगला होता. मी उरलेली फी सोडून दिली.

दुसरा मिळाला तो सव्वीस वर्षांचा मुलगा, घरीच शिकवतो, एका वेळी एक जण. पहिल्या दिवशी बाकावर माझ्याआधी नऊ वर्षांची एक मुलगी बसली होती, शाळेच्या मोज्यांत. मला म्हणाली, "अंकल, एफ किसी को पहले नहीं आता. रोना मत." हा एफ काय प्रकार आहे ते वाजवणाऱ्यांना माहीत आहे. पहिल्या बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या आणि बाकीच्या बोटांनी वर आणखी आकार करायचा. पुष्कळांची गिटार एफपाशी माळ्यावर जाते.

त्या मुलाने मला "बजाइए" म्हटलं नाही. आधी माझी गिटार मागितली. जाड तार बाराव्या पडद्यापाशी किती वर आहे ते पट्टीने मोजलं. चार मिलिमीटर. म्हणाला, "अंकल, ये गिटार नहीं है, सज़ा है." त्याने घोडीवरची पट्टी घासून ती उंची अडीचवर आणली, बाराच्या जागी दहा नंबरच्या पातळ तारा चढवल्या. खर्च काहीशे रुपये. चौदा महिने मी माझ्या बोटांना दोष देत होतो आणि निम्मी लढाई लाकडाशी होती.

मग म्हणाला, "अब बजाइए." मी सुरुवात केली आणि त्याने लगेच थांबवलं. तारा आपल्याला दिसाव्यात म्हणून मी गिटार माझ्याकडे कलती धरत असे, आडवी थाळी असावी तशी. तशी धरली की डावं मनगट खालून पूर्ण वाकवल्याशिवाय बोटं तारांपर्यंत पोहोचत नाहीत. तेच ते मनगट. व्हिडिओतला शिक्षक बरोबरच धरत होता, पण मी समोरून त्याची बोटं पाहत होतो, कोन पाहत नव्हतो. या मुलाने गिटार उभी केली, डोकं वर उचललं, माझा अंगठा मानेच्या मागे सरकवला, कोपर अंगापासून सोडवलं. हे सारं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम.

त्यानंतर त्याने जे करायला लावलं ते मी आजही रोज करतो, आणि तुम्ही आज घरी जाऊन करून बघा. बोट तारेवर नुसतं ठेवायचं, दाबायचं नाही, आणि तार छेडायची. मेलेला आवाज येतो. मग किंचित दाब. घरघर. आणखी किंचित. एका क्षणी सूर स्वच्छ होतो. तिथे थांबायचं. तेवढाच जोर लागतो, त्यापुढचा सगळा वाया. मी त्याच्या कितीतरी पट दाबत होतो. रायफल धरावी तशी गिटार धरत होतो.

पंधरा-वीस दिवसांत पहाटेची जाग बंद झाली. डॉक्टरांच्या पट्ट्याचा आणि विश्रांतीचा त्यात वाटा आहेच. पण गिटार पुन्हा सुरू करूनही ती परत आली नाही, हे त्या अर्ध्या मिनिटाचं.

लयीच्या बाबतीत माझी घमेंड होती. मी म्हटलं, आयुष्यभर तेज चल केली आहे, मिनिटाला १२० पावलं, मला लय काय शिकवणार? त्याने मेट्रोनोम ६० वर लावला, म्हणजे सेकंदाला एक ठोका, आणि म्हणाला, चार-चार ठोक्यांवर कॉर्ड बदला. मी पहिल्याच बदलाला पडलो. परेडवर ढोल वाजत असतो आणि पुढे-मागे शंभर माणसं चालत असतात, लय त्यांची असते. मी तिच्यावर स्वार होतो, इतकंच.

त्याचा नियम एकच. डावा हात उशिरा आला तर येऊ दे, उजवा थांबायचा नाही. कॉर्ड लागली नाही तर रिकाम्या तारा वाजू देत, ठेका सोडायचा नाही. मला हे कळायला एक क्षण लागला आणि मग हसू आलं. परेडवर कदम चुकला तर कोणी थांबून दुरुस्त करत नाही. चालता चालता "कदम बदल" करतात. हे मी शेकडो रंगरुटांकडून करवून घेतलं होतं.

आणि एकदा त्याने विचारलं, "अंकल, बजाना किसके लिए है?" मी सांगितलं. तर म्हणाला, "आंटी किस सुर से गाती हैं?" मला माहीत नव्हतं! एक्केचाळीस वर्षं. घरी येऊन विचारलं. ही म्हणाली, "काळी चार." त्याने गिटारच्या पहिल्या पडद्यावर कॅपो लावला, तो चिमटा असतो ना तो, आणि म्हणाला, आता तुमचा जी म्हणजेच आंटींची काळी चार, बोटं तीच. चौदा महिने मी तिला माझ्या पट्टीत गायला लावत होतो. कॅपोचे व्हिडिओ मी पाहिले होते, चांगले चार-पाच. पण मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यांत होती. हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता.

ही सगळी चर्चा मी घरी करतो तेव्हा हिला नवल वाटत नाही. बडोद्यात हा वाद जुना आहे. मौलाबक्षांनी सयाजीरावांच्या आश्रयाने तिथे १८८६ मध्ये संगीतशाळा काढली आणि स्वरलिपी लिहून मुलांना शिकवली. भातखंड्यांनी उस्तादांकडून बंदिशी मिळवून क्रमिक पुस्तकांत छापल्या, आणि पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांनी १९१६ ला बडोद्यातच भरवली. पुस्तकातून गाणं येतं का, म्हणून तेव्हाही नाकं मुरडली गेली. पण त्या पुस्तकांमुळे गाणं माझ्या सासरच्या माजघरापर्यंत आलं, हेही खरं. हिच्याकडे ते भाग आहेत, पानं पिवळी पडलेली. मी विचारलं, "मग पुस्तक की गुरू?" ती म्हणाली, "पुस्तकात बंदिश आहे हो. पण मी चुकले, हे पुस्तकाला कळत नाही." आणि भाजी टाकायला गेली.

तर माझ्या मित्रांना मी आता काय सांगतो? पहिले दोन-तीन महिने माणसाकडे जा. गिटार घ्यायच्या आधी गेलात तर उत्तम, तो गिटार तरी बघून देईल. एका वेळी एकालाच शिकवणारा बघा. पहिल्या तासाला तो तुमच्या हाताकडे पाहतो की घड्याळाकडे, एवढं पाहा. चाळिशी उलटली असेल तर हे टाळूच नका. सोळा वर्षांचं मनगट माफ करतं, साठीचं करत नाही. त्यानंतर रोज जायची गरज नाही. मी आता महिन्यातून दोनदा जातो, तासाचे सहाशे रुपये. मधले दिवस माझे, रोज वीस-पंचवीस मिनिटं, आणि त्यात मोबाइलही आहे, तोच मोफत पाठ्यक्रम. रेंजवर वर्षातून मोजक्या वेळा जायचं असतं, पण रिकाम्या रायफलीचा सराव बराकीत रोज. उस्ताद तुमच्यासाठी सराव करत नाही. रोज क्लासला जाऊन घरी गिटारला हात न लावणारेही मी पाहिले आहेत. त्यांचे पैसे खरंच वाया जातात.

मघाशी बाहेर चहाला एका ताईंनी विचारलं, की त्या बस्तरच्या बाजूला राहतात, गावात शिक्षकच नाही, मग काय? व्हिडिओ कॉलवर शिकवणारे आहेत. त्यात आवाज थोडा मागून पोहोचतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवता येत नाही, आणि तो तुमचा अंगठा सरकवू शकत नाही. पण कोन त्याला दिसतो. कॅमेरा समोर नका ठेवू, डाव्या बाजूला ठेवा, मनगट दिसेल असा. तेही जमत नसेल, तर तसाच कॅमेरा लावून स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी बघा, त्याच दिवशी नको. त्या दिवशी आपण स्वतःवर खूश असतो. माझ्या लेखी ते पोकळ काडतूस आहे. आणि कोणाबरोबर तरी वाजवा. भजनी मंडळ असेल, शाळेतला तबलेवाला मुलगा असेल, कोणीही, जो तुम्ही थांबलात तरी थांबणार नाही.

बोट बधिर झालं, तर मात्र त्याच दिवशी थांबा. दीड-दोन महिने माझ्यासारखं लपवू नका.

आता माझी वेळ संपत आली, समोर लाल दिवा लागलाय. ही पहिल्या रांगेत बसली आहे. मी तिला वर यायची विनंती केली होती, पण ती म्हणते, घसा बसलाय. मला कारण वेगळं माहीत आहे. परवा रात्री वीज गेली, तेव्हा गॅलरीत आम्ही ते भावगीत पहिल्यांदा शेवटपर्यंत केलं, तिन्ही कडवी. संपल्यावर मी वाट बघत बसलो. ती म्हणाली, "तिसऱ्या कडव्यात अजून पळताय. त्या मुलाला सांगा." पुढचा तास गुरुवारी आहे.